लाल फडक्यातला नारळ

“बाबांनी आईला सांगितलंच नाही. पेढे वाटले, ‘बरी झाली’ म्हणाले आणि मोकळे झाले.” माटुंग्याला राहणारी माझी मुलगी हे सगळ्या नातेवाइकांना ऐकवते. हे असत्य आहे, आणि ते खोडून काढणे मला भाग आहे.

माझ्या पत्नीच्या मेंदूत रक्तवाहिन्यांचा जन्मजात गुंता होता. परळच्या इस्पितळात, डोके न उघडता, एका दिवसात त्यावर किरणांचा उपचार झाला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावले, “गुंता बुजायला दोन-तीन वर्षं लागतात. तोवर रक्तस्राव होऊ शकतो. डोकं अचानक दुखलं तर घरी थांबू नका.”

पेढे मी वाटले, लालबागच्या आमच्या चाळीत, दारोदार. ते नाकारत नाही. पण माझा नवस डोके उघडावे लागू नये एवढाच होता, आणि तो फेडणे माझे कर्तव्य होते. बरे होण्याचा नवस तिचा स्वतःचा, वेगळा.

अकरा महिन्यांनी एका सकाळी तिचे डोके दुखू लागले. मी बाजारात होतो. बाम चोळून ती पडून राहिली. मी परतलो तेव्हा तिला शब्द सापडत नव्हते. आजही सापडत नाहीत.

“माहीत असतं तर आई बाम चोळत बसली असती?”

“तुझ्या आईने माझं कधी ऐकलंय?”

“सांगितलंत कुठे पण, बाबा? कधी?”

इथे मात्र मी अडखळतो. कधी इस्पितळाच्या पायऱ्या आठवतात, कधी आमची गॅलरी आणि तिच्या हातातला पेढ्यांचा पुडा. दोन्ही खरी कशी असतील?

शेवटी पत्नीलाच विचारले, “मी सांगितलं होतं ना गं?”

“हो.”

मुलगी पुढे सरसावली. “आई, नव्हतं ना सांगितलं?”

“हो.”

असो. माझी आठवण बाजूला ठेवा. उपचाराआधी तिने आपल्या नवसाचा नारळ लाल फडक्यात बांधून देव्हाऱ्यात ठेवला होता. आम्हा कोकणातल्यांत असा नारळ इच्छा पुरी झाली की त्याच दिवशी सोडून फोडतात. पेढ्यांच्या दिवशी तिने तो फोडला नाही. पुढचे अकरा महिने रोज त्याला हळदकुंकू वाहिले.

तो अजून बांधलेलाच आहे.