शून्याखालचा मेंढवाडा

दुपारी एक ते तीन या वेळात वडवणीत कुणी कुणाला हाक मारत नाही. पंक्चरवाला टायरला टेकून डोळे मिटतो, स्टँडवरची बस रिकामीच तापत उभी राहते, आणि आमच्या पत्र्याच्या खोलीत कूलर एकसुरी घरघरत असतो. त्या वेळी मी अर्धी झोपेत आणि अर्धी जागी राहून परक्या लोकांच्या संगणकांची काळजी करते. सकाळ आणि संध्याकाळ पुण्याच्या एका कंपनीची असते. त्या नोकरीवर घर चालतं. दुपार मात्र माझी असते आणि ती मी कुणाला देत नाही. एकदा नणंदेने फोन करून विचारलं, दुपारी काय करतेस? म्हटलं, पंखे फिरवते. तिला वाटलं मी टाळतेय, पण मी खरंच सांगत होते.

लिनक्स ही संगणक चालवणारी एक यंत्रणा आहे. तिचा सगळा कोड उघडा असतो. कुणीही तो वाचावा, दुरुस्त करावा, वापरावा. तिच्यात हजारो छोटे प्रोग्राम असतात आणि एकेका प्रोग्रामला जगात कुठेतरी कुणीतरी सांभाळत असतं. माझ्या वाट्याला आलेला प्रोग्राम संगणकाचा ताप बघतो. ताप वाढला की पंखा जोरात फिरवतो, आणखी वाढला की यंत्राला हळू चालायला लावतो, आणि अगदीच हाताबाहेर गेला तर जळण्याआधी यंत्र बंद करून टाकतो. त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि जाऊ नये अशीच माझी इच्छा असते.

तो माझ्याकडे आला तो इथल्या उन्हामुळेच. पत्र्याखाली माझा लॅपटॉप वैशाखात दर अर्ध्या तासाला बंद पडायचा. वैतागून मी तो प्रोग्राम उघडून बघितला, दोन ओळी बदलल्या आणि बदल पाठवून दिला. पलीकडून उत्तर आलं, छान आहे, आणखी काही सापडलं तर बघ. मी बघत गेले. मूळ सांभाळणारा हळूहळू दुसऱ्या कामांत गुंतला, आणि एके दिवशी किल्ल्या माझ्या हातात आहेत हे माझ्या लक्षात आलं. आता तो मी आणि केरळातला एक जोडीदार मिळून बघतो. त्याला मी कधी भेटलेली नाही. त्याच्या अंगणात नारळ आहेत आणि पावसात त्याचं इंटरनेट जातं, एवढंच मला माहीत आहे.

सांभाळणं म्हणजे फार मोठं काही नसतं. कुणाचा नवीन लॅपटॉप बाजारात येतो, त्याचं नाव यादीत घालायचं. कुणाचा पंखा झोपेतून उठल्यावर फिरायचं विसरतो, त्याला आठवण करून द्यायची. कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारं साधन दर वर्षी थोडं जास्त खडूस होतं आणि काल चाललेल्या गोष्टीवर आज कुरकुर करतं. त्याची समजूत काढायची. हे केर काढण्यासारखं आहे, काढला तर दिसत नाही आणि नाही काढला तर सगळ्यांना दिसतो. पण त्या उष्ण, पेंगुळलेल्या दुपारी एकेक तक्रार वाचताना मला त्या माणसाची खोली दिसायला लागते. कुणाच्या खिडकीबाहेर समुद्र असेल, कुणाच्या टेबलावर मांजर झोपलं असेल. मी कूलरच्या वाऱ्यात डोळे मिटते आणि त्यांच्या घरांतून फिरून येते.

होळी होऊन गेली होती. अशाच एका दुपारी कॅनडातून तक्रार आली. लिहिणारी बाई एकटीच मेंढ्या पाळते. गोठ्यात तिने तळहाताएवढा एक छोटा संगणक बसवलाय आणि त्याला कॅमेरा जोडलाय. मेंढ्या व्यायचे दिवस आहेत, बाहेर हाडं गोठवणारी थंडी. घरातून गोठ्यापर्यंत जायला बर्फ तुडवावा लागतो, म्हणून रात्री ती अंथरुणातूनच फोनवर चित्र बघते आणि गरज असेल तरच उठून जाते. पण गेल्या आठवड्यात तिने प्रोग्रामची नवी आवृत्ती बसवल्यापासून थंडी फार वाढली की संगणक बंद पडतो, आणि बंद होण्याआधी लिहून ठेवतो की तापमान धोक्याच्या पुढे गेलंय. उणे पंचवीस अंशांत माझं यंत्र म्हणतं की मी जळतोय, असं तिने लिहिलं होतं. त्याखाली आणखी एक ओळ होती. काल रात्री चित्र गेलेलं असताना एक मेंढी व्याली, मी सकाळी पोचले तोवर कोकरू गोठलं होतं, अजून अकरा व्यायच्या आहेत.

मी ती ओळ दोनदा वाचली. मग आबांना वाचून दाखवली.

आबा म्हणजे माझे वडील. जन्मभर मेंढरांमागे चाललेला माणूस. गुडघा धरल्यापासून ते घरी असतात आणि कळप थोरल्या भावाकडे आहे. तो त्या दिवसांत उमापूरच्या बाजूला, कापणी झालेल्या रानांत होता. आबा दुपारी माझ्या खोलीत कूलरसमोर आडवे होतात आणि छताकडे बघत पडतात. माझ्या कामात त्यांनी कधी लक्ष घातलं नव्हतं. त्या दिवशी ते उठून बसले.

"मेलं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आन् ते मिशीन तुझं हाय?"

"मिशीन तिचं. आतला प्रोग्राम मी बघते."

"मंग कावून बंद पडतंय? बग की." असं म्हणून ते पुन्हा आडवे झाले, पण डोळे मिटले नाहीत.

कारण सापडायला वेळ लागला नाही, आणि सापडल्यावर मी आधी हसले आणि मग माझं हसू विरलं. वर्षभरापूर्वी साफसफाई करताना तापमानाचा आकडा साठवण्याची जागा मी बदलली होती. खडूस साधन दोन जातींच्या आकड्यांची तुलना होतेय म्हणून कुरकुरत होतं. ते गप्प व्हावं म्हणून मी शून्य आणि त्याच्या वरचेच आकडे मावतील अशी जागा केली. अशा जागेत उणे एक घातला तर तो फिरून प्रचंड मोठा होतो, गाडीचं किलोमीटरचं मीटर शून्यावरून मागे ढकललं की नव्याण्णव हजार दाखवतं तसा. म्हणजे गोठ्यातल्या यंत्राचा पारा शून्याखाली उतरला की माझा प्रोग्राम समजायचा, आग लागली, आणि यंत्र वाचवायला ते बंद करायचा. जोडीदाराने तो बदल तपासला होता. त्यालाही काही खटकलं नव्हतं. खटकणार कसं? एक वडवणीची आणि एक केरळचा. तापमान शून्याच्या खाली जातं हे आम्ही दोघं शाळेत शिकलो होतो, पण अंगाला कधी लागलं नव्हतं.

ओळ बदलायला मिनिटही लागलं नाही. खोटे आकडे देऊन तपासलं, तेही ठीक आलं. पण माझं मन भरेना. त्या बाईकडे आहे तसाच छोटा संगणक माझ्याकडे होता, आणि तो खरोखरच्या थंडीत तगतो का हे मला डोळ्यांनी बघायचं होतं. बीड जिल्ह्यात, होळीनंतर, शून्याखालची थंडी कुठून आणायची? घरच्या फ्रिजचा बर्फकप्पा लाईटच्या येण्याजाण्याने कधीच धड गोठत नाही. तेवढ्यात मला आठवड्याच्या बाजारातला कुल्फीवाला आठवला. त्याच्या हंड्यात बर्फ असतो, आणि तो शून्याच्याही खाली उतरावा म्हणून त्यात मूठ-मूठ खडेमीठ.

बाजाराच्या दिवशी मी संगणक दोन पिशव्यांत घालून रबरबँडने घट्ट बांधला, वायर बाहेर काढून पॉवर बँकेला जोडली आणि आबांना घेऊन निघाले. मेंढरांचा बाजार बघतो म्हणून ते आले होते, पण माझ्यासोबत कुल्फीच्या गाडीपाशीच थांबले. हंड्याला लाल ओलं फडकं गुंडाळलेलं होतं. मी माझी पिशवी पुढे केली.

कुल्फीवाला माझ्याकडं आणि पिशवीकडं बघत राहिला. "ताई, ह्यात काय हाय? माझी कुल्फी बिघडायची."

मी समजावू लागले, पण आबांनी मला थांबवलं. "तिकडं कॅनडात एका बाईच्या मेंढ्या व्यायला लागल्यात," ते म्हणाले. "लई थंडी हाय. कोकरू मेलं तिचं. त्याच्यासाठी ठिवायचंय."

मला वाटलं, तो आता हसेल. त्याने डोक्यावरचा रुमाल सारखा केला, हंड्याचं झाकण काढलं आणि म्हणाला, "मंग ठिवा की. आदीच सांगायचं न्हाई का!" आणि वरून मिठाची आणखी एक मूठ टाकली.

आधी जुना प्रोग्राम. मी फोनवर आकडे बघत होते. वीस, बारा, सहा, दोन, शून्य. पुढच्या क्षणाला आकडा राक्षसाएवढा झाला आणि यंत्र विझलं. मग नवा. यावेळी शून्य आलं, गेलं, उणे एक आला, उणे दोन आला, आणि यंत्र चालूच राहिलं. माझ्या आजूबाजूला वांग्यांचे ढीग, मिरचीचा ठसका, रसवंतीची घुंगरं, भर उन्हातला सगळा गलका, आणि माझ्या हातातल्या काचेवर हिवाळा उतरत होता. मला आनंदाने ओरडावंसं वाटलं. कुल्फीवाल्याने मला आणि आबांना एकेक कुल्फी दिली आणि येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना तो सांगू लागला की आपल्या हंड्यात कॅनडा हाय.

दुरुस्ती सगळ्यांपर्यंत पोचायला आठवडे जातात, म्हणून त्या बाईला मी नवा प्रोग्राम थेट पाठवला. तिने बसवला, आभार मानले आणि कॅमेऱ्याचा दुवा दिला. रात्री थंडी वाढणार आहे, तुमच्याकडे तेव्हा दिवस असेल, जमलं तर नजर टाका, असं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर आम्ही दोघं लॅपटॉपसमोर बसलो. बाहेर ऊन फुफाट्यासारखं होतं. पडद्यावर राखाडी उजेडातला गोठा, पेंढा, आणि भरल्या पोटाच्या मेंढ्या. त्यांच्या तोंडांतून वाफ निघायची आणि विरायची. कोपऱ्यात यंत्राच्या तापमानाचा आकडा होता, उणे चार. आबा एकेक मेंढी न्याहाळत होते. आमच्या खोलीत कूलर घरघरत होता आणि थोड्या वेळाने मला वाटू लागलं की तो आवाज तिकडच्या वाऱ्याचाच आहे, बाहेर पाऊल टाकलं तर पत्र्यावर बर्फ असेल. उणे नऊ. चित्र टिकून होतं. माझा डोळा लागला असावा.

"उठ," आबा म्हणाले. "व्याली."

कोपऱ्यातल्या मेंढीमागे पेंढ्यात काहीतरी काळं, ओलं पडलं होतं. मेंढी मात्र दोन पावलं लांब उभी होती, दुसरीकडे तोंड करून.

"पैलारू दिसती," आबा म्हणाले. पहिल्यांदाच व्यालेल्या मेंढीला कधीकधी कळतच नाही की हे आपलं आहे. "चाटंना ती. गोठंल ते. ती बाई कुठं हाय?"

"झोपली असेल. मधूनमधून उठून बघते ती."

"मधूनमधून! तवर काय ऱ्हातंय? उठीव तिला!"

तिचा फोन नंबर माझ्याकडे नव्हता. होतं ते तक्रारीचं पान. त्यावर मी लिहिलं, तुमची मेंढी व्याली आहे, लगेच जा. बदल मागवायच्या, दोष नोंदवायच्या त्या कोरड्या जागेवर असं वाक्य मी आयुष्यात लिहिलं नव्हतं. पाठवलं आणि थांबले. तिच्या उशाशी फोन वाजला असेल का, की ती आवाज बंद करून झोपते, मला काहीच माहीत नव्हतं. कोकरू एकदा हललं, मग हललं नाही. आबा पडद्याच्या इतके जवळ गेले की त्यांच्या श्वासाने काच धुरकट झाली. "उठ गं माय," ते पुटपुटत होते, "उठ, उठ."

मग पडदा एकदम पांढरा झाला. गोठ्यात दिवा लागला होता. रात्रीच्या कपड्यांवर जाड कोट चढवलेली एक ठेंगणी, पिकल्या केसांची बाई धावतच आत आली, गुडघ्यांवर बसली आणि पेंढ्याचा बोळा करून कोकराला खसाखसा पुसू लागली.

मी आबांकडे बघितलं. त्यांचे हात हलत होते. कूलरसमोर, सतरंजीवर बसून, धोतराचा सोगा मुठीत धरून ते स्वतःच्या मांडीवर काहीतरी पुसत होते, तिच्याच लयीत, पाठ, मग छाती, मग पुन्हा पाठ. तिने कोकराच्या तोंडात बोट घातलं, तेव्हा त्यांचंही बोट वाकलं. तिने कोकरू उचलून मेंढीच्या नाकाशी धरलं, तेव्हा त्यांचे दोन्ही तळवे वर आले आणि तसेच थांबले. मेंढीने हुंगलं, मान मागे घेतली, पुन्हा हुंगलं, आणि चाटायला लागली.

माझ्या लहानपणी हा माणूस वर्षाचे सात-आठ महिने घरात नसायचा. दिवाळी झाली की कळप घेऊन निघायचा आणि मृगाच्या तोंडावर परत यायचा. मला ताप आला, मला शाळेत बक्षीस मिळालं, माझा दात पडला, तेव्हा तो नव्हता. आबा तिकडं काय करत्यात, असं विचारलं की आई म्हणायची, मेंढरं राखत्यात, दुसरं काय. मी त्याच्यावर पुष्कळ वर्षं रुसून होते. थंडीच्या रात्री कुठल्या तरी परक्या रानात तो काय करत असायचा, ते मी त्या दुपारी पहिल्यांदा बघितलं, आणि मला रडू आलं.

आबांनी वळून माझ्याकडं पाहिलं. त्यांना काही समजेना.

"कावून रडती गं?" ते म्हणाले. "जगलं की ते."