उजवं पान

वही हातात देताना आबा सोबत पेन्सिलही द्यायचे. "वाच. चूक दिसनी ते उजवा पानवर लिख. ते पान तुनं शे."

ते फक्त डाव्या पानावर लिहायचे. उजवं पान वाचणाऱ्यासाठी कोरं. अशा अकरा वह्या. आबा पाटकरी होते, म्हणजे पांझरेच्या बंधाऱ्यावरून गावाच्या शेतांना पाळीनं पाणी सोडणारा माणूस. त्यांचे वडीलही तेच करायचे. पाट कुठून वळायचा, कुणाच्या वावराला कधी पाणी, सगळं त्या वह्यांत होतं. नावामागं पदव्या लावणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपलं लिखाण दुसऱ्याच्या पेन्सिलीखाली इतक्या शांतपणे ठेवणारा मला हा एकच भेटला.

ओळख झाली माझ्या पत्रकामुळे. 'ग्रंथालयं सगळ्यांना खुली करा' असं पत्रक मी धुळ्याच्या बसस्टँडवर वाटत होतो. आबांनी उभ्या उभ्या पूर्ण वाचलं, खिशातून पेन्सिल काढली, समासात काहीतरी लिहिलं आणि पत्रक मला परत दिलं. लिहिलं होतं, 'राग भरपूर आहे. अर्ज कोणाकडे करायचा ते नाही.' मला राग आला, कारण खरंच लिहिलेलं नव्हतं.

मग त्यांनी स्वतःचं काम सांगितलं. काही वर्षांपूर्वी एक संशोधक त्यांच्या घरी आठ दिवस राहिला. पाण्याच्या वाटपावर त्याला प्रबंध लिहायचा होता. आबांनी वह्या काढल्या तर म्हणाला, "नंतर बघू, बाबा. तुम्ही तोंडी सांगा." तो प्रबंध आता धुळ्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. गावातल्या एका विद्यार्थ्यानं तो वाचला आणि पारावर येऊन सांगितलं, की जुना पाटकरी, म्हणजे आबांचे वडील, पाटलाच्या मळ्याला आधी पाणी द्यायचे, असं आबांनीच सांगितलंय.

झालं. तेव्हापासून पारावर सुरू. "आबा, तुमचा बाप पाटलाचा माणूस होता म्हणे. तुम्हीच लिहून दिलं."

खरं असं, की त्या बंधाऱ्यावर पाळी एका वर्षी वरच्या शेतापासून सुरू व्हायची, दुसऱ्या वर्षी खालच्या. पाटलाचा मळा वरच्या टोकाला. संशोधक वरच्या वर्षी आला, पाहिलं, बापाच्या काळापासून असंच असणार असं धरून गेला. पुढच्या वर्षी आला असता तर मळा शेवटी भिजताना दिसला असता.

"मी मना बापले चोर कशाले म्हनसू?" आबा म्हणाले. "काय लिखेल शे ते एकदाव डोळाघाई देखू दे."

एवढीच मागणी. आम्ही ग्रंथालयात गेलो.

"ओळखपत्र?" काउंटरवरचा म्हणाला.

आबांनी आधार कार्ड पुढे केलं.

"हे नको. कॉलेज कोणतं तुमचं?"

"पांझरा."

"असं कॉलेज नाही."

"नदी शे. ते बुक तिनंच शे."

तो हसला. वाईट माणूस नव्हता, तेच जास्त चीड आणणारं आहे. "नियम आहे, बाबा. बाहेरच्यांना प्रबंध दाखवत नाही. नेटवर बघा." नेटवर दोन परिच्छेदांचा सारांश होता. पुढे कुलूप.

बाहेरचे. ज्याच्या ओट्यावर बसून, ज्याच्या ताटात जेवून ते पुस्तक झालं, तो बाहेरचा. मी आवाज चढवला तर आबांनी माझी बाही ओढली. "भाऊ, पाट फोडीसन पाणी लेतस नही."

प्राचार्यांना अर्ज केला. उत्तर आलं, मान्यताप्राप्त शैक्षणिक संस्थेचं शिफारसपत्र आणा. ग्रामपंचायतीचं नेलं तर ती शैक्षणिक संस्था नाही. तीन वेळा आबा एसटीनं आले, मोतीबिंदूचा चष्मा सांभाळत, आणि तीन वेळा तसेच परत गेले.

शेवटी तिथंच एम.ए. करणाऱ्या एका मुलीनं ते पान हातानं उतरवून दिलं. फोटोला बंदी होती. तिनं कागदाच्या डाव्या बाजूलाच लिहिलं होतं, उजवी कोरी. मी तिला वह्यांबद्दल सांगितलं होतं.

घरी आबांनी तो कागद डोळ्यांजवळ धरला. बापावरचं वाक्य तसंच होतं. खाली तळटीप होती. 'माहिती : एक वृद्ध पाटकरी, निरक्षर.'

"हाऊ निरक्षर म्हंजे मीच ना?"

अकरा वह्या मागच्या फळीवर होत्या.

आबांनी पेन्सिलीला टोक केलं आणि उजवीकडे लिहिलं : 'पाळी एक वर्ष वरून, एक वर्ष खालून. पाटलाला आधी नाही. निरक्षर नाही. चौथी पास.' खाली सही केली.

"आते हाई नेईसन तठे लाव."

"आबा, ते चिकटवू देणार नाहीत."

"का? त्या बुकले उजवं पान नही का?"

पोळ्यानंतर आबा गेले. पारावर अजून कोणी कोणी तेच बोलतं, फक्त आता आवाज खाली करून.

नव्या पत्रकात अर्ज कोणाकडे करायचा ते मी लिहिलंय. पहिला अर्ज माझाच. परवा त्याच काउंटरवर उभा राहिलो.

"ओळखपत्र?"

मी आबांचा कागद पुढे सरकवला. त्यानं तो पूर्ण वाचला, सहीपर्यंत. मग उलटा करून पाहिला, शिक्का कुठे दिसतोय का म्हणून.