भिंतीला कान लावणारे ठेकेदार

अकोल्याच्या आमच्या जुन्या शहरात घराच्या बाहेरचं प्लास्टर फुगलं की सगळे त्यांनाच बोलवायचे. ठेकेदार होते, पण आल्यावर आधी स्वतः भिंतीला कान लावायचे आणि बोटं वाकवून ठोकत ठोकत पुढे सरकायचे. "हे पोकय हाये, हे पाडा लागते. हे पक्कं हाये, उगाच कावून पाडता?" बोलणं एवढंच. दुसऱ्या ठेकेदाराचं नाव काढलं की तोंड वाकडं करायचे. बाळापूरच्या एकाला तर ते मिस्त्रीच मानत नसत.

यंदा आमची मागची भिंत फुगली. ते आले, ठोकून पाहिलं, पुन्हा ठोकलं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "भाऊ, तुमी ठोका बरं. आवाज कसा येऊन राहिला?"

मी ठोकलं. "पोकळ वाटतोय," म्हणालो. ते माझ्या ओठांकडे बघत होते.

"कटर मशीनच्या आवाजानं कान नेले माये," ते म्हणाले. "अंदाजानं पाडलं तं चांगली भिंतबी जाईन तुमची. त्या बाळापूरवाल्याले बोलवा. हात चांगला हाये त्याचा."

बाळापूरवाल्यानं काम सुरू केलं. एका सकाळी आमचे ठेकेदार मागच्या गल्लीत उभे राहून त्याची थापी चालताना बघत होते. मी चहाला बोलवायला बाहेर आलो, तोवर ते परत निघाले होते. मी हाका मारल्या, परांचीवरून त्यानंही मारल्या. गल्लीतली माणसं वळून बघायला लागली. ते तसेच चालत गेले.