चाचांची रिकामी बशी

बॉयलरचाचा रिकाम्या बशीत फुंकर मारायचे. बशीत चहा नाही, पाणी नाही, काही नाही. ती दोन्ही हातांनी तोंडापाशी धरायची आणि गरम चहा निववावा तसं सावकाश फुंकत राहायचं. नव्या माणसाला वाटायचं, बॉयलरच्या उष्णतेनं म्हाताऱ्याचं डोकं गेलंय. मलाही तसंच वाटलं होतं.

बहात्तरच्या दुष्काळानंतर मी चिंचवडच्या एका रबराच्या कारखान्यात वायसरांच्या कडा कातरायला लागले. आमच्या शेडला लागूनच बॉयलर, आणि त्याच्या दाबाच्या काट्यासमोर स्टुलावर चाचा. काम बरं होतं. भानगड माझी होती. कारण नसताना एकदम छाती धडधडायची, हातांना मुंग्या यायच्या, श्वास पुरायचा नाही. आता मेले, असं वाटायचं आणि मी कात्री टाकून गेटकडे पळायचे. गेटवर पोचले की मरण टळायचं. हल्ली नातसून याला पॅनिक अटॅक म्हणते. आम्ही घाबरं होणं म्हणायचो. सासूबाई म्हणाल्या, "बाहेरचं हाय, दुसरं काय न्हाई." त्यांनी दोन लिंबं उतरवली. लिंबं वाया गेली.

दुसऱ्यांदा पळाले तेव्हा सुपरवायझर म्हणाला, "बाई, आता पळालात तर तशाच घरी जा. परत येऊ नका." नवरा पाय मोडून घरी बसला होता आणि महिनाभरात मला कायम करायचं की नाही ते ठरणार होतं.

हे चाचांनी ऐकलं. म्हणाले, "आधी डॉक्टरला छाती दाखव. मशीन तपासल्याबिगर आवाजावर बोलू नये." डॉक्टरांनी छाती ठणठणीत असल्याचं सांगितलं आणि लाल औषध दिलं. मग चाचांनी कड उडालेली आपली बशी माझ्या हातात ठेवली.

"फुंकून दाखव."

मी फुंकलं.

"सगळा चहा सांडला."

"चाचा, चहाच नाही."

"म्हणून लुगडं वाचलं. हळू फुंक. साय हलली पाहिजे, फाटली नाही पाहिजे."

बशी माझ्याकडेच राहिली. तिच्यासोबत चाचांचे नियमही आले. उपाशी कामावर यायचं नाही. सकाळपासून चार चहा ढोसून छाती धडधडते म्हणून रडायचं नाही. आणि जिथं घाबरं झालं, दुसऱ्या दिवशी तिथंच बसायचं. मी एकदा दाराजवळची जागा मागून घेतली, तर चाचा आठवडाभर बोलले नाहीत. मी जागेवर परत आले तेव्हा एवढंच म्हणाले, "काटा चढतो तसा उतरतो. उतरेपर्यंत स्टूल सोडायचं नाही."

महिना संपत आला होता. एका दुपारी बॉयलरचा, जादा वाफ सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला. कानाचे पडदे फाटतील अशी वाफेची किंकाळी. सगळी शेड पळाली, सुपरवायझर सर्वांत पुढे. माझेही पाय उठले होते. मी बशी धरली आणि फुंकत राहिले. बशी दातांवर वाजत होती.

चाचांनी दारातून डोकं घातलं. "आवाज झाला म्हणजे बॉयलर वाचला," म्हणाले आणि परत गेले.

सुपरवायझर आत आला तर मी एकटी जागेवर.

"चहाची सुट्टी झाली का, बाई?"

"चहाच नाही, साहेब."

पुढच्या आठवड्यात मी कायम झाले. 

आठ वर्षांनी चाचा निवृत्त झाले. कँटीनमध्ये शाल-नारळ ठेवला होता. नाव पुकारलं, पण चाचा उठेनात. कपाळावर घाम, नजर दारावर. दार किती पावलांवर आहे हे मोजणारी नजर मला ओळखू येते. मी पिशवीतून बशी काढली आणि बसल्या जागी फुंकू लागले. बायका हसल्या. चाचांनी माझ्याकडे पाहिलं, ओठांचा चंबू केला, चार-पाच वेळा फुंकलं आणि उठून शाल घेतली. चाचांना गहिवरून आलं, असं मॅनेजर म्हणाले. म्हणू दिलं.

बाहेर आल्यावर चाचांनी हात पुढे केला. "बेटी, बशी दे."

"आठ वर्षांनी आठवली?"

"गावी निघालो. बार्शीची एसटी लांबची आहे. मधे उतरता येत नाही."

मी दिली. तोवर मला नुसत्या तळहातावर जमायला लागलं होतं. अजून त्याच्यावरच भागतं.