एरूबाईची ओटी

साताऱ्याहून निघाले तेव्हा बॅगेचं वजन दोन किलो जास्त भरत होतं. आईची नजर चुकवून मी तिने दिलेला नारळ फडताळात सरकवला, खण तेवढा घेतला. "नव्या गावात पाय ठेवलास की आधी तिथल्या देवीची ओटी भर," असं ती दारात उभी राहून बजावत होती. आता इंग्लंडातल्या रीडिंगला कुठली देवी? तो खण चार वर्षं पासपोर्टाखाली ड्रॉवरमध्ये पडून होता.

आणि आता नोकरीच गेली. व्हिसा टिकवायला नवा स्पॉन्सर, म्हणजे नोकरी देणारी कंपनी, शोधायला साठ दिवस मिळतात, त्यातले चाळीस संपले. आयर्लंडमधल्या कॉर्कच्या एका कंपनीची ऑफर आहे, पण तिथलं कामाचं परमिट आलेलं नाही. आईला काहीच सांगितलं नव्हतं. दोन वर्षांत परत येते म्हणून निघालेली मुलगी आणखी लांब चालली, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

ऑफर कळल्यावर जुन्या ऑफिसातली मेव्ह कॉफीला भेटली. ती तिकडचीच. तिने देशाचं आयरिश नाव शिकवलं: नुसता देश एरा, देशाचा म्हणताना एरन, देशात म्हणताना एरिन. मी गोंधळेन असं तिला वाटलं. सातारा, साताऱ्याचा, साताऱ्यात करत वाढलेली मी, मला हसू आलं. मग म्हणाली, हे नाव मुळात एका देवीचं, जुन्या बोलीत एरू. बोटींतून परकी माणसं आली तेव्हा तिने सांगितलं, खुशाल राहा, पण भूमीला माझं नाव राहू द्या.

काल धीर करून आईला फोनवर सगळं सांगून टाकलं, नारळासकट.

"नारळ तू गेलीस त्याच संध्याकाळी सापडला," ती म्हणाली. "वड्या केल्या. त्या देवीचं नाव काय म्हणालीस?"

सांगितलं. दिवेलागणीची वेळ होती तिकडे. फोन तसाच ठेवून ती देवापाशी गेली असावी, आवाज लांबून आला. "एरूबाई, माझी पोर तुझ्या दारात येतेय. परकी म्हणू नकोस."

परमिट अजून आलेलं नाही. आज खण ड्रॉवरमधून काढून हँडबॅगेत ठेवला. ओटी नेमकी कुठे भरायची, ठाऊक नाही. पण साताऱ्याबाहेर पहिल्यांदाच, मी पोचायच्या आधी कुणीतरी माझ्यासाठी तिथे शब्द टाकलाय.