लडाखातली झाडं कोणी नेली?

आमच्या आलापल्लीच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात एक लांब बाकडं होतं. दुपारी पेशंट ओसरले की मंडळी तिथं टेकायची आणि कोणीतरी हमखास म्हणायचं, "सिस्टर, ते लडाखचं सांगा ना!"

लडाखचं म्हणजे नेमकं कोणतं? एक सांगायला घ्यावं तर त्याची शेपटी धरून दुसरं बाहेर येतं. वर्षं गेली तसे हे किस्से वाढतच गेले. काही तर सहलीला न आलेल्या लोकांनीच वाढवले आहेत. मी मात्र स्वतः गेले होते, तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवा. आमचे डोमाभाऊ असते तर इथंच म्हणाले असते, "काऊन ठेवाचा?"

डोमाभाऊ म्हणजे आमच्याकडचे फॉरेस्टर. अख्खी नोकरी सागवान चोरांच्या मागं गेलेली, त्यामुळे संशय हा त्यांचा श्वासच. बैलगाडीवर तणस, म्हणजे भाताचा पेंढा, दिसलं की खाली लाकूड आहे, हे त्यांनी धरूनच चालायचं.

* * *

सहल काढली चंद्रपूरच्या सुरेशभाऊंनी. त्यांचा फोटो स्टुडिओ होता. ऐंशीच्या दशकातली गोष्ट, तेव्हा आमच्याकडे लोक फार तर नागपूरला लग्नाला जायचे. सुरेशभाऊ आलापल्लीला आले, शाळेच्या भिंतीवर पांढरी चादर लावली आणि लडाखच्या स्लाइड दाखवल्या. निळं आभाळ, पिवळे डोंगर, तंबू. "साहसी सहल! हिमालयातलं वाळवंट!" असं त्यांनी दोनदा सांगितलं.

सगळे तोंड उघडं ठेवून बघत होते. डोमाभाऊ मात्र चादरीजवळ जाऊन उभे राहिले.

"सुरेशभाऊ, एकाही फोटोत तुम्ही नाई."

"अहो, फोटो काढणारा फोटोत कसा येईल?"

"तेच तर म्हणून राह्यलो मी. काढणारा दुसराच असंल!"

सगळे हसले. तरी नाव नोंदवणाऱ्यांत पहिले डोमाभाऊच. मी विचारलं, "भाऊ, विश्वास नाही तर जाता कशाला?"

"पाह्याले जातो ना मी. हा मानूस आपल्याले खरंच तिथी नेते का नाई, ते!"

माझं जायचं ठरलं होतं नवऱ्यासोबत. ते शाळेत मास्तर. ऐनवेळी त्यांची रजा नामंजूर झाली आणि त्यांच्या तिकिटावर माझ्या सासूबाई आल्या. घरात सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचे. मास्तरांना वाटलं, आई नाही म्हणेल. बाई म्हणाल्या, "बुद्धाचा मुलूख आहे म्हंतेत ना? मंग मी काऊन नाई जाऊ?" आणि पिशवी भरायला घेतली.

* * *

रेल्वेनं जम्मू, तिथून बसनं श्रीनगर आणि पुढं एक जुनी मिनीबस. ड्रायव्हर नॉर्बू, लडाखीच. चाळिशीचा, कमी बोलणारा, हिंदी मोजकी. डोमाभाऊंना तो पहिल्या दिवशीच संशयास्पद वाटला. का, तर म्हणे वळणावर हॉर्न वाजवत नाही आणि हसतो.

झोजीला घाट चढेपर्यंत दोन्ही बाजूंना देवदार होते. डोमाभाऊ खूश! खिडकीतून बुंध्यांचे अंदाज बांधत होते. घाट ओलांडला आणि झाडं संपली. एक वळण गेलं, दुसरं गेलं. सगळे डोंगर उघडे. डोमाभाऊ सीटवरून अर्धे उठले.

"अरे बापा! पूर्ण रेंज साफ केली! इथला रेंजर कोन होता?"

सुरेशभाऊंनी समजावलं, इथं पाऊसच पडत नाही, झाडं मुळात नव्हतीच.

"नव्हतीच म्हंते! चोर पकडला का सगळे हेच म्हंतेत!"

कारगिल येईपर्यंत ते नदीकडे बघत होते. माल ट्रकनं गेला की पाण्यातून, एवढाच प्रश्न त्यांच्यापुढं उरला होता.

* * *

वाटेत एका नाक्यावर जवानानं ओळखपत्रं मागितली. डोमाभाऊंचं जुनं होतं, त्यावर जिल्हा चंद्रपूर. माझं नवं, त्यावर गडचिरोली. गाव दोघांचंही आलापल्ली.

जवानानं दोन्ही कार्डं शेजारी शेजारी धरली. "गांव एक, जिले दो? कौन झूठ बोल रहा है?"

मी सांगू लागले की आमचा जिल्हा नवा झालाय, चंद्रपुरातून वेगळा काढलाय. त्यानं गडचिरोली हे नाव आयुष्यात ऐकलं नव्हतं. त्याच्या कपाळावरची आठी वाढतच गेली. सरहद्दीचा भाग, त्याचंही बरोबरच होतं. मागं गाड्यांची रांग लागली. शेवटी डोमाभाऊ पुढं झाले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले,

"साहब, हम लोग नहीं हिले. जिल्हा हिल गया!"

तंबूतून जवानाचे साहेब बाहेर आले, ते हसत हसतच. त्यांनी आम्हाला सोडलं, वर चहाही पाजला. डोमाभाऊंनी कप हातात घेतला, पण ओठाला लावेनात.

"सोडलं तर चहा काऊन पाजून राह्यले? कोनाले तरी बोलावून राह्यले असतीन!"

* * *

डोमाभाऊंच्या बायको शेवंतावहिनी. माहेर कुरखेड्याचं, घरची धानाची शेती. बाहेरच्या तांदळावर त्यांचा भरवसा नाही, म्हणून माहेरचा तांदूळ थैलीत बांधून आणलेला. लेहला पोचलो त्या दिवशी गेस्ट हाउसच्या अंगणात त्यांनी स्टोव्ह पेटवला. पाणी खळखळ उकळलं, तांदूळ पडला. आम्ही भुकेनं व्याकूळ.

बराच वेळ झाला तरी दाणा कच्चाच. पाणी वाढवलं, पुन्हा उकळलं. बाहेरून लगदा, आतून खडा!

वहिनींनी दाणा बोटात चिरडून पाहिला आणि थैलीकडे गेल्या. गाठ तपासली. मग आमच्या सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. "हे माह्या बापाच्या घरचं तांदूळ नाई. बदलवलं कोनीतरी!"

सुरेशभाऊ म्हणाले, "वहिनी, उंचीवर पाणी लवकर उकळतं, पण तितकं तापत नाही. म्हणून शिजत नाही."

"उकळते पन तापत नाई? मले शिकवता का भाऊ? रोज स्वैपाक मी करतो का तुम्ही?"

गेस्ट हाउसच्या मालकिणीनं हसत हसत स्वतःचा प्रेशर कुकर आणून दिला. शिट्ट्या झाल्या, झाकण उघडलं. भात असा मोकळा आणि मऊ की काय सांगू! वासानं शेजारच्या खोलीतले लोक डोकावले. आम्ही जेवलो. वहिनीही जेवल्या, पण शांतपणे. हात धुताना माझ्या कानाशी आल्या.

"सिस्टर, त्या कुकरात बाईनं आधीच काय टाकलं व्हतं?"

* * *

सिंधूकाठच्या एका गावात बस थांबली. उघड्या डोंगरांच्या मधोमध हिरवी पट्टी. जवाचं शेत, पाण्याचा पाट आणि काठानं विलोची झाडं. गुरांनी साल खाऊ नये म्हणून प्रत्येक बुंध्याला जुने पत्र्याचे डबे कापून गुंडाळलेले.

कित्येक दिवसांनी झाडांची अशी रांग दिसली होती. डोमाभाऊ बस थांबायच्या आधीच उतरले. एका झाडापाशी गेले, बुंध्याला मिठी मारून घेर पाहिला, डब्याची कडा उचलून साल पाहिली, खोडावर बोटानं टकटक केली.

समोरच्या घरातून एक म्हातारा फावडं घेऊन निघाला आणि सरळ येऊन डोमाभाऊ नि झाड यांच्या मधे उभा राहिला. डोमाभाऊ दुसऱ्या झाडाकडे सरकले. म्हाताराही सरकला!

नॉर्बू धावत आला. दोघांचं बोलणं झालं आणि नॉर्बू हसू दाबत म्हणाला, "बोलता है, ये आदमी पेड़ काटने आया है. नाप ले रहा है."

बसमध्ये हसून हसून लोकांची वाट लागली. डोमाभाऊ हसले नाहीत. त्यांनी नॉर्बूला विचारायला लावलं, ही झाडं लावली कोणी? म्हाताऱ्यानं सांगितलं की बापानं काही, त्यानं काही. घराचं छत करायला हेच लाकूड. एक झाड मेलं तर नातवाच्या घराची एक तुळई गेली.

डोमाभाऊंनी टोपी काढली. म्हाताऱ्याला नमस्कार केला आणि मागं मागं चालत बसपर्यंत आले.

"काय झालं भाऊ?" मी विचारलं.

"बरोबर केलं त्यानं," ते म्हणाले. "असा एक गार्ड मले मिळाला नाई आजवर."

* * *

साहस म्हणून सुरेशभाऊंनी उंचावरच्या एका पठारावर तंबूत मुक्काम ठेवला होता. दुपारी पोचलो. वारा असा की बोललेलं शेजारच्याला ऐकू येईना. तंबू उभारता उभारता सुरेशभाऊच विचित्र वागू लागले. चालताना झोक जायला लागला. स्वेटर उलटा घातला. मला त्यांच्या बायकोच्या नावानं हाक मारली.

शेवंतावहिनी म्हणाल्या, "घेतली वाटते यानं."

डोमाभाऊंनी जवळ जाऊन हुंगून पाहिलं. "वास तर नाई. मंजे महागाची असंल!"

मी सुरेशभाऊंना सरळ रेषेत चालायला सांगितलं. त्यांना जमेना. मलेरिया, सापाचं विष, अस्वलानं फाडलेली माणसं, हे सगळं मी पाहिलं होतं. हे कधी पाहिलं नव्हतं. पण लेहला एका डॉक्टरांनी बजावलं होतं, उंचीवर माणूस दारू न पिता झिंगला तर थांबू नका, खाली न्या.

नॉर्बूनं एकदाच सुरेशभाऊंच्या डोळ्यांत पाहिलं. "नीचे. अभी."

डोमाभाऊ आडवे आले. "नाटक आहे सिस्टर! टूर अर्ध्यात गुंडाळाची आहे त्याले. मले पयल्यापासून मालूम आहे."

"भाऊ," मी म्हणाले, "जंगलात मी तुमचं ऐकते ना? इथं माझं ऐका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग सुरेशभाऊंना खांद्यावर टाकलं आणि बसमध्ये नेलं. तंबू तिथंच राहिले. उतारभर त्यांचं डोकं डोमाभाऊंनी मांडीवर धरलं होतं. सुरेशभाऊ बरळत होते, आणि बरळता बरळता म्हणाले, "फोटो मी नाही काढले... मेव्हण्यानं काढले... मी पहिल्यांदाच आलोय..."

"मले मालूम होतं!" डोमाभाऊ ओरडले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मले मालूम होतं रे! तू बरा हो, मंग पाह्यतो तुले!"

नदीकाठचं गाव आलं. सुरेशभाऊंची नजर ठिकाणावर आली. त्यांनी पाणी मागितलं, पिऊन इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, "मी काही बोललो का?"

बसमध्ये सगळे खिडकीबाहेर बघू लागले. डोमाभाऊंनी त्यांच्या मफलरची गाठ नीट केली.

"नाई. काईच नाई बोलले तुम्ही."

* * *

शेवटचा किस्सा बाईंचा.

बाईंनी नागपूरला दीक्षा घेतली तेव्हा माझा नवरा त्यांच्या पोटात होता. लडाखात बाईंना सगळं पाहायचं होतं, पण गोम्पांमध्ये, म्हणजे तिथल्या बौद्ध मठांमध्ये, त्या बावरल्या. लोण्याचे दिवे, मुखवटे, उग्र चेहऱ्यांच्या मूर्ती. दर ठिकाणी मला विचारायच्या, "हे आपलेच बुद्ध होत ना?" मी हो म्हणायची आणि त्या "पाहू" म्हणायच्या.

एका लहान गोम्पात मोठी शांत बुद्धमूर्ती होती. तिच्यापुढं बाई बसल्या आणि खणखणीत आवाजात त्रिशरण म्हटलं. एक वृद्ध लामा आतून आले, ऐकत उभे राहिले. मग त्यांनी आम्हा सगळ्यांना चहाला बसवलं. नॉर्बू दुभाषी.

लामांनी विचारलं, तुम्ही कोण, कुठल्या? बाईंनी सांगितलं. मग म्हणाल्या, "आता मी इचारतो. नॉर्बू, इचार त्यायले. तुमच्या इथी जात आहे का?"

नॉर्बू दाराबाहेर बघू लागला.

"समजलं नाई का? जात. ऊंच-नीच. इचार."

नॉर्बूनं मान खाली घालून काहीतरी छोटंसं विचारलं. लामा हसले, बराच वेळ बोलले, हातानं आम्हा सगळ्यांना कवेत घेतल्यासारखं केलं.

"कहते हैं," नॉर्बू म्हणाला, "नहीं है."

बाईंनी लामांना हात जोडले. मग त्यांची नजर खोलीभर फिरली. आम्ही सगळे गालिच्यांवर, पुढ्यात नक्षीच्या चौरंगावर पांढरे कप. नॉर्बू दाराशी, उंबऱ्याजवळ, खाली जमिनीवर. त्यानं अंगरख्यातून स्वतःची लाकडी वाटी काढली होती आणि चहा वाढणाऱ्यानं त्यात उंचावरून चहा ओतला.

सुरेशभाऊ हळूच म्हणाले, "बाई, इथली पद्धतच आहे. सगळे आपापली वाटी जवळ ठेवतात."

"असंल," बाई म्हणाल्या.

त्या उठल्या. गुडघे धरत धरत खोली ओलांडून गेल्या आणि नॉर्बूच्या शेजारी जमिनीवर बसल्या. तो घाईनं उठायला लागला, तर त्याच्या मनगटाला धरून खाली बसवलं. त्याच्या हातातली वाटी घेतली, त्यातला चहा एक घोट प्याल्या आणि वाटी परत त्याच्या हातात दिली.

"पी," त्या म्हणाल्या.