एकतीस सह्यांचा कागद

जे आजवर कुणाला सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही, ते आधी सांगून टाकतो. आमच्या बिल्डिंगीतल्या एकतीस जणांनी एका टॅक्सीवाल्याविरुद्ध परिवहन खात्याकडे तक्रार केली होती. त्यातल्या एकानेही ती केली नव्हती. ती मी केली होती. सह्या मात्र त्यांच्याच होत्या, अगदी अस्सल.

नव्वदीच्या शेवटाकडची गोष्ट. आम्ही विरारच्या अलीकडे आचोळ्याला राहायचो आणि मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. त्या पदाला लागणारी पात्रता माझ्याकडे भरपूर होती. अक्षर चांगलं होतं आणि मुंबईतल्या ज्या कचेरीत मी नोकरीला होतो तिथे आस्थापना शाखेत होतो. म्हणजे कुणाची चौकशी लागली, कुणी लेखी खुलासा दिला, की त्या फायली माझ्या टेबलावरून जायच्या. अर्ज कसा लिहावा म्हणजे काम होतं आणि कसा लिहावा म्हणजे माणूस अडकतो, हे दोन्ही मला ठाऊक होतं. बिल्डिंगीला फक्त पहिलं ठाऊक होतं.

आमच्याकडे एक सोयीची पद्धत होती. सगळे सभासद एकत्र भेटायचे ते वर्षातून एकदा, वार्षिक सभेला. एरवी कोण रात्री शेवटच्या लोकलने उतरतंय, कोण रात्रपाळीला, कोण गावी. म्हणून सभेच्या दिवशीच कोऱ्या कागदांच्या खालच्या अर्ध्या भागावर, एकेका कागदावर तीसेक, अशा सगळ्यांच्या सह्या आणि फ्लॅट नंबर घेऊन ठेवायचे. वरचा मजकूर सेक्रेटरीने पुढे लागेल तसा भरायचा. कशासाठी, असं कुणी विचारत नसे. एका हाताने वडा खात दुसऱ्या हाताने सही करणाऱ्या माणसाला प्रश्न पडत नाहीत.

त्या वर्षी सह्या नळाच्या अर्जासाठी होत्या. बिल्डिंग टँकरवर चालली होती आणि पाणीपुरवठ्याच्या कार्यालयाने बहुसंख्य सभासदांच्या सह्यांचा अर्ज मागितला होता. सभा रविवारी सकाळी, खाली पार्किंगमध्ये. माझे वडील तेव्हा साताऱ्याकडून आमच्याकडे राहायला आले होते. त्या सकाळी त्यांना चक्कर आली, घाम सुटला. बायकोने स्टेशनबाहेरच्या टॅक्सीवाल्याला बोलावणं धाडलं.

हा टॅक्सीवाला जवळच्याच गास गावचा. खाडीकाठची शेती, घरची विहीर, आणि काळी-पिवळी टॅक्सी. खिशावर परिवहन खात्याचा पितळेचा बिल्ला, तो रोज घासूनपुसून लावलेला. तो सगळ्यांनाच 'तू' म्हणायचा. त्याच्या गावात तशीच पद्धत होती, पण देशावरून आणि दादर-परळहून आलेल्या आम्हा नोकरदारांना ते जरा टोचायचं. आपण हप्त्यांवर फ्लॅट घेतलाय आणि हा 'तू' म्हणतो.

त्याने तिसऱ्या मजल्यावरून वडिलांना खुर्चीवर बसवून वॉचमनच्या मदतीने खाली आणलं आणि गाडीत ठेवलं. बायको त्यांच्याजवळ बसली. मी म्हणालो, पाच मिनिटं, एवढ्या सह्या होऊ देत. माणसं पुन्हा जमायची नाहीत. पाचाची पंधरा झाली. गाडी उन्हात होती. वडिलांना उलटी झाली. तेव्हा तो सरळ सभेत शिरला आणि टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"बाप उनात बसलाय आन तू सह्या घेतोस?" तो म्हणाला. "उठ. गाडीत बस आदी. पानी काय, उद्या पन येल."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. अध्यक्षांनी चष्मा पुसायला घेतला. मी कागद गोळा केले आणि गाडीत जाऊन बसलो. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, वेळेत आणलंत. वडील आणखी दोन वर्षं जगले. त्या दिवशी परत येताना त्यांनी त्याला गासच्या वाडीत काय काय लावता ते विचारलं, आणि तो केळी, पडवळ आणि अबोली यांच्यावर स्टेशनपर्यंत बोलत राहिला. मी मागे बसून सह्यांचे चार कागद मांडीवर सरळ करत होतो.

माणूस खोटं बोलून अपमान करतो तेव्हा बरं असतं, खुलासा करता येतो. हा खरं बोलला होता, आणि तेही तिसऱ्या मजल्यावरच्या, दुसऱ्या मजल्यावरच्या, सगळ्यांच्या देखत. जिन्यात कुणी भेटलं की मला त्याच्या तोंडावर ते वाक्य लिहिलेलं दिसायचं. कदाचित ते विसरलेही असतील. मी विसरलो नाही. दहा दिवसांनी कचेरीत जेवणाच्या सुट्टीत मी मशीनवर त्या चारांतला एक कागद चढवला आणि वरच्या कोऱ्या भागात मजकूर टाइप केला. सदर चालक प्रवाशांशी सातत्याने उद्धट व अर्वाच्य वर्तन करतो, महिला व ज्येष्ठ नागरिकांना त्याची भीती वाटते, तरी त्याच्या परवान्याचा व बिल्ल्याचा फेरविचार व्हावा. ज्येष्ठ नागरिक हा शब्द मीच घातला. त्याची लाज तेव्हा वाटली नाही. उलट मजकूर सह्यांच्या वर बरोबर बसला याचं समाधान वाटलं.

कागदावर माझी सही नव्हती. सह्या घेणारा आपली सही शेवटी करतो, आणि शेवटी मला गाडीत बसायची घाई झाली होती.

दोन महिन्यांनी एका रविवारी दुपारी बेल वाजली. दारात तो. हातात नोटीस, सोबत तक्रारीची प्रत.

"तू सगल्यांचे अर्ज लिवतोस," तो म्हणाला, "माझा पन लिव."

बायकोने त्याला आत बसवलं, चहा दिला. त्याने ती प्रत टीपॉयवर पसरली आणि सह्यांवरून बोट फिरवायला लागला.

"ही बघ, चौथ्या माल्यावरची. हिला बालंतपनाला मीच नेली, भर पावसात. ही कशी सही करेल?"

"लोकांचं काही सांगता येत नाही," मी म्हणालो.

"आन हा मास्तर. हा तर रोज माझ्या गाडीत गप्पा मारतो. एकतीस मानसं रागावली आन तोंडावर एक बी बोलला नाय? मी जातो, इचारतो एकेकाला."

खेळ तिथेच संपला असता. चौथ्या मजल्यावरच्या बाईने 'मी तर नळासाठी सही केली' म्हटलं असतं, आणि मग सगळे जिने उतरून माझ्या दाराशी आले असते. मी चहाचा कप खाली ठेवला आणि अगदी कळवळ्याने म्हणालो, "असं करू नका. तक्रारदारांना भेटायला गेलात तर धमकावलं असा अर्थ निघेल. आणखी वाईट होईल."

"मंग काय करू?"

"माफी मागा. सरकारी माणसाला माफी आवडते. समज देऊन सोडतील."

मी त्याला 'तुम्ही' म्हणत होतो, हे इथे नोंदवायला हवं. त्या संपूर्ण प्रकरणात सभ्य भाषेत बोलणारा मी एकटाच.

लेखी माफी म्हणजे लेखी कबुली, हे मला माहीत नव्हतं असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. आस्थापना शाखेतल्या शिपायालाही ते माहीत असतं. मी चांगल्या रेघांचा कागद घेतला, माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं, आणि त्याने खाली आपलं नाव एकेक अक्षर जुळवत लिहिलं. जाताना तो बायकोला म्हणाला, "तुझा नवरा चांगला हाय. त्या दिवशी मी बोललो, मनात नको ठेवू सांग त्याला." बायको म्हणाली, छे, ते कधीच विसरले.

सुनावणीला सोबत चल म्हणून तो मागे लागला. गेलो. तक्रारदारांना हजर राहण्याबद्दलचं पत्र सोसायटीच्या नावाने आलं होतं, म्हणजे माझ्याकडेच. ते मी कपाटात ठेवलं होतं, जुन्या टँकरच्या पावत्यांखाली.

अधिकारी वागायला शांत, वाचायला सावकाश. त्यांनी फाइल उघडली आणि विचारलं, "तक्रारदारांपैकी कुणी आलंय?"

मी भिंतीवरच्या पंख्याकडे पाहिलं.

"कुणी नाही," ते स्वतःशीच म्हणाले आणि पुढचा कागद उलटला. "हा तुमचा खुलासा. 'माझ्या वर्तनामुळे प्रवाशांना झालेल्या मनस्तापाबद्दल मी मनःपूर्वक क्षमा मागतो.' म्हणजे तक्रार मान्य आहे?"

तो वळला आणि त्याने मला विचारलं, "मान्य का?"

मी मान हलवली. उभी.

"मान्य," तो म्हणाला.

"तुम्ही कोण?" अधिकाऱ्यांनी मला विचारलं.

"ओळखीचा. अर्ज लिहून दिला यांना."

"अक्षर छान आहे." मग ते त्याच्याकडे वळले. "अहो, तक्रारदार आले नाहीत. तुम्ही नाकारलं असतंत तर मी प्रकरण दप्तरी दाखल करून बंद केलं असतं. पण एवढ्या सह्या आणि वर तुमची स्वतःची कबुली. मला पर्याय नाही."

बिल्ला एक वर्षासाठी निलंबित झाला. त्याने खिशावरचा तो पितळी तुकडा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि टेबलावर ठेवला. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "तू आलास हे बरं झालं. एकट्याला सुधरलं नसतं." बसस्टॉपवर त्याने मला भजी खाऊ घातली. मी खाल्ली.

वर्षभर गाडी उभी ठेवणं त्याला परवडण्यासारखं नव्हतं. पावसाळ्यापूर्वीच ती विकली. वर्ष संपल्यावर बिल्ला मागायला तो गेला नाही. म्हणाला, एकतीस मानसांना मी नको, तर कशाला बसवू कुनाला. वडिलांनी मध्ये एकदा विचारलं, "तो टॅक्सीवाला दिसत नाही रे हल्ली?"

"वागणूक बरी नव्हती त्याची. तक्रारी झाल्या."

"माझ्याशी तर चांगला वागला," वडील म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. त्यांना काही कळलं होतं असं नाही. पण त्यानंतर त्यांनी मला रिक्षा बोलवायलाही सांगितलं नाही, सुनेला सांगायचे.

आमच्या नळाचं काय झालं, तेही सांगतो. चारांतला एक कागद गेल्यामुळे सह्या बहुसंख्य भरेनात. अर्ज पुढच्या वार्षिक सभेपर्यंत लांबला, मग कार्यालयातला क्रम लांबला. सभेत मी तांत्रिक अडचण असं सांगितलं आणि ते इतिवृत्तात लिहूनही घेतलं. तोवर टँकर. आणि टँकर चालवायला माणूस आला तो हाच. प्रवासी नसले की बिल्ला लागत नाही.

पाणी गासच्या विहिरींचंच असायचं. गावात तेव्हा टँकरवाल्यांवर राग होता, विहिरी खाली जात होत्या, वाड्या सुकत होत्या. त्याचा सख्खा भाऊ त्याच्याशी बोलेनासा झाला. तो मात्र खालून पाइप टाकीला लावून हाक मारायचा, "सेक्रेटरी, पानी आलं. माझ्या घरचं आनलंय. आता तरी तक्रार करू नको." सगळ्याच बिल्डिंगींना तो असं म्हणायचा. मी गॅलरीत उभा राहून हात हलवायचो.

पुढे नळ आले, टँकर बंद झाले. तो गासला असतो. वाडीत आता फारसं काही नाही, अबोलीचे दोन वाफे आहेत. चौथ्या मजल्यावरच्या बाईचा मुलगा कॉलेजला जातो. मी सेक्रेटरीपद सोडलं तेव्हा सोसायटीने शाल-नारळ दिला आणि निःस्वार्थ सेवेबद्दल आभाराचा ठराव केला. त्याचा मजकूरही मीच लिहिला होता.

हे जे लिहिलंय त्यात कुणाचं नाव नाही, माझंही नाही. तेव्हा हे कबुलीत धरता येणार नाही. गासला जाऊन, त्याच्या ओट्यावर बसून, तक्रार माझी होती, सह्या नळाच्या होत्या आणि माफी मी मुद्दाम लिहिली, एवढं मला त्याला सांगायचं आहे. आणि तेच लिहून, खाली माझी सही करून, तो कागद त्याच्या हातात द्यायचा आहे. अजून दिलेला नाही.